भात कितीजणांचा?

आमच्या घरात दोराला पाय लावत नाहीत. चुकून लागलाच तर वाकून नमस्कार करतात.

क्लाइंबिंग शिकायला गेलं की पहिल्याच दिवशी दम मिळतो, दोरावर पाय द्यायचा नाही. त्यामागे श्रद्धाबिद्धा काही नाही. बुटाच्या तळव्याला चिकटलेली कच दोराच्या विणीतून आत शिरते आणि आतले धागे कातरत राहते. बाहेरून दोर नवाकोरा दिसतो. पण आमचे चिरंजीव दीड वर्षाचे असताना हॉलमध्ये धुऊन पसरलेल्या दोरावरून दुडुदुडु निघाले, मी किंचाळले, "पाय नाही द्यायचा!", आणि सासूबाईंनी झटकन त्याचे दोन्ही हात धरून जोडायला लावले. पुस्तकाला लागला, केरसुणीला लागला, तर करतात तसं. तेव्हापासून ती रीतच पडली. नवरा करतो, मी करते. कामाला येणाऱ्या मावशीसुद्धा फरशी पुसताना दोर बाजूला सरकवतात आणि हात कपाळाला लावतात.

तो दोर २००८ साली आहेराच्या पाकिटांतून घेतलेला. ६० मीटर लांब, साडेदहा मिलिमीटर जाड, निळा. तेवढ्या पैशांत तेव्हा वॉशिंग मशीन आलं असतं. सासूबाईंनी हे एकदाच, चादर पिळता पिळता, बोलून दाखवलं आणि पुढे मशीन येईपर्यंत त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. अशा न बोलण्याची धार ज्यांच्या घरात आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

आमची ओळख मुंब्र्याची. डोंबिवलीहून मुंबईकडे जाताना लोकलच्या दारातून मुंब्रादेवीचा डोंगर दिसतो ना, त्याच्या अंगाखांद्यावर मुंबई-ठाण्याकडची कितीतरी पोरं पहिल्यांदा कातळाला भिडलेली आहेत. मी त्यातलीच. चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळायचा, म्हणजे बिले द्यायचा, आणि ते काम तसं नीरस. वर बघून बघून मान आखडते, हात सारखा दोरावर, आणि फोटो निघतो तो चढणाऱ्याचा. ग्रुपमधले बाकीचे मला बिले देताना दोर ताणून धरायचे. मुलगी आहे, पडेल बिचारी. ताणलेल्या दोराने बाई पडत नाही हे खरं, पण तिला नीट चढताही येत नाही, कमरेला कोणीतरी सतत ओढतंय असं वाटत राहतं. हा एकटा मी न मागता वीतभर सैल सोडायचा. पुढची पकड लांब आहे हे त्याला खालून दिसायचं. लग्नाला मला एवढं कारण पुरलं.

२०११ च्या मे महिन्यात मूल होणार हे कळलं आणि त्याच आठवड्यात आम्ही एक गोष्ट ठरवून टाकली. यापुढे एका दोरावर दोघं नाही. कारण सरळ आहे. सुळक्यावर मधल्या टप्प्यात दोघंही एकाच अँकरवर, म्हणजे कातळात ठोकलेल्या मेखा-बोल्टांवर, लटकलेले असतात. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा, एक थर लोखंडासारखा तर त्याच्या वरचा हाताने भुगा होईल असा. तो अँकर निघाला तर दोघं जातात. डोंगरात चालायला दोघांनी मिळून जायचं, दोर काढायची वेळ आली की एकाने घरी राहायचं. मला वाटतं, क्लाइंबिंग करणाऱ्या पुष्कळ जोडप्यांचा हाच अलिखित नियम असावा. आम्ही फक्त तो मोठ्याने बोललो. त्याच महिन्यात विम्याचा अर्ज भरला. त्यात धोकादायक छंद आहेत का, असा रकाना होता. ह्याने लिहिलं, "चालणे". मी तो अर्ज फाडून नवीन आणायला लावला.

नियम शहाणपणाचा होता, आजही वाटतं. त्याची किंमत काय हे मात्र तेव्हा कळलं नाही. मला वाटलं होतं मूल झाल्यावर डोंगर सुटेल. डोंगर सुटला नाही. सुटला तो ह्याचा बिले. गेल्या तेरा-चौदा वर्षांत मला चांगल्या चांगल्या माणसांनी दोर दिला, पण न मागता वीतभर सैल कोणी सोडला नाही.

बाळंतपणानंतर मी पहिल्यांदा दोर बांधला तो डिसेंबर २०१२ मध्ये, खंडाळ्याला नागफणीवर. लेक अकरा महिन्यांचा. कुरवंड्यातून वर गेलो, साधारण साडेतीनशे फुटांचं रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरणं, होतं. नुसतं उतरायचं, चढायचं काही नाही, म्हणून मुद्दाम हे निवडलेलं. सकाळी निघताना पाजून निघाले होते. अकरा वाजता माझी पाळी यायची होती, एक वाजला तरी नंबर लागेना आणि छाती दगडासारखी झाली. ज्या बायकांनी हे भोगलंय त्यांना पुढचं सांगायला नको, ज्यांनी नाही त्यांच्यासाठी: हार्नेसचा पट्टा आवळायचा तर सोडाच, सॅकचा बंदही सहन होईना. शेवटी एका धोंड्याआड बसले आणि दूध कातळावर पिळून टाकलं. खाली घाटातून गाडी चालली होती. आमच्या ग्रुपमधली चार पोरं पाठ करून त्या गाडीचे डबे मोठमोठ्याने मोजत होती. त्यांची सभ्यता मी अजून विसरलेले नाही.

तिथे बसल्या बसल्या मला हिरकणी आठवली. आठवणारच. रायगडावर दूध घालायला आलेली गवळण, कोजागिरीची रात्र, दरवाजे बंद, घरी तान्हं, म्हणून कडा उतरून गेली. लहानपणापासून ऐकलेल्या ह्या गोष्टीत दूध दोनदा येतं हे माझ्या तोपर्यंत लक्षातच आलं नव्हतं. एक विकायचं, एक पाजायचं. तिची छातीही भरली असणार. कातळावर हात ठेवलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट कळते: चढणं सोपं, उतरणं अवघड. चढताना पकड डोळ्यांसमोर असते, उतरताना पाय आंधळा असतो, चाचपत जागा शोधतो. त्यातून रात्र, अंगावर लुगडं, आणि दोर नाही. कथा म्हणा, इतिहास म्हणा, बाई कसलेली होती एवढं नक्की.

महाराजांनी तिथे बुरूज बांधला म्हणतात. पुढे एसटीने तिच्या नावाची निमआराम गाडी काढली, स्टँडवर आयांनी बाळाला पाजायची खोली केली तिलाही हिरकणी कक्ष म्हणतात. मला ते आवडतं. फक्त एक शंका आहे. ती घराकडे निघाली होती म्हणून हे सगळं. तीच बाई त्याच कड्यावरून, तान्हं सासूजवळ ठेवून, हौस म्हणून वर चढली असती तर?

"मुलाला कोणाकडे ठेवलंस?" हा प्रश्न मला पायथ्याच्या गावात विचारतात, कसाऱ्याच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात विचारतात, ऑफिसात सोमवारी विचारतात. डब्यातल्या बायका तर सॅक वर ठेवायला जागा करून देता देता विचारतात, त्यामुळे रागही धड येत नाही. हा तोच दोर, तीच सॅक घेऊन जातो, त्याला विचारतात, "काय, कुठला सुळका ह्या वेळी?"

१९९५ साली ॲलिसन हारग्रीव्ह्ज नावाची ब्रिटिश गिर्यारोहक मे महिन्यात कृत्रिम प्राणवायू आणि शेर्पांची मदत न घेता एव्हरेस्टवर पोचली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये के-टूच्या शिखरावरून उतरताना वादळात गेली. वय ३३, घरी दोन लहान मुलं. तिच्यामागे इकडचेतिकडचे सगळे तुटून पडले, आई असून गेलीच का म्हणून. डोंगरात गेलेल्या बापांवर असं कोणी तुटून पडल्याचं माझ्या वाचनात नाही. ही गोष्ट मी घरच्या समारंभांतून, हळदीकुंकवातून, कोणी फारच खोचक बोललं की फेकायचे. फेकायला फार छान होती. मग २०१९ मध्ये बातमी आली, तिचा मुलगा टॉम बॅलार्ड नंगा पर्बतवर गेला. तोही मोठा गिर्यारोहक झाला होता, आल्प्समधले सहा प्रख्यात उत्तर कडे एका हिवाळ्यात एकट्याने चढलेला. ॲलिसन आयगरचा उत्तर कडा चढली तेव्हा तो तिच्या पोटात होता. ती बातमी मी फोनवर वाचत होते आणि माझा सात वर्षांचा मुलगा गॅलरीच्या ग्रिलला एका हाताने लटकून "आई, बघ बघ" करत होता. त्यानंतर हे उदाहरण वादात वापरणं मी सोडलं. का सोडलं ते मला नीट सांगता येत नाही.

आता लिंगाण्याची रात्र. ती टाळून पुढे जाता येणार नाही.

आमच्यात निरोपाचा शब्द एकच: उतरलो, किंवा उतरले. शिखरावर पोचल्याचं कळवायचं नाही, ते फुशारकीचं झालं. पायथ्याला आलो, दोर गुंडाळला, की एक शब्द पाठवायचा. जानेवारी २०१५ मधला रविवार होता. हा आणि तिघं लिंगाण्याला गेले होते. तोरणा आणि रायगड यांच्या मधोमध उभा असलेला तो सुळका, एके काळी तिथे कैदी ठेवत. शनिवारी रात्री मोहरी गाव, पहाटे बोराट्याच्या नाळेने उतरून खिंडीत, मग टप्प्याटप्प्याने दोर लावत वर. संध्याकाळी सातपर्यंत निरोप यायला हवा होता.

आठ वाजले. सासूबाईंनी "त्याचा फोन आला का?" असं विचारलं नाही. स्वयंपाकघरातून विचारलं, "भात कितीजणांचा लावू?"

मी म्हटलं, "तुमचा-माझा, आणि पोराचा मूठभर."

त्यांनी तांदळाचा डबा काढला. मी दारात उभी राहून बघत होते. एक वाटी घेतली. मग मूठभर. झाकण लावलं, जरा थांबल्या, झाकण काढलं आणि आणखी एक वाटी घेतली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दहा वाजता मी बाकीच्या तिघांच्या घरी फोन केले. एकीकडे टीव्हीचा आवाज येत होता, "येतील गं, रेंज नसेल." अकराला पुण्यातल्या दोन ओळखीच्या गिर्यारोहकांना उठवलं, ते म्हणाले उजाडायच्या आत निघतो. मग करण्यासारखं काही उरलं नाही. लेक माझी वेणी मुठीत धरून झोपला होता, हलता येत नव्हतं. भीती वाटली म्हणावं तर तसं नव्हतं. मी हिशेब करत होते. घराचा हप्ता, विम्याचे कागद कुठल्या फायलीत, बालवाडीची फी. मधेच वाटायचं, मी असते तर हे झालं नसतं. काय झालंय हेच माहीत नव्हतं, तरी मी असते तर झालं नसतं.

सोमवारी सकाळी ९ वाजून २० मिनिटांनी निरोप आला. "उतरलो. दोर अडकला होता. सगळे ठीक."

झालं होतं ते इतकंच. रॅपल करून खाली आल्यावर दोर ओढून घेतात, तसा ओढताना टोक वरच्या फटीत अडकलं. अंधारात वर जाऊन सोडवायचं नाही असं ठरवून चौघंजण एका अरुंद कपारीवर स्वतःला बांधून घेऊन उजाडेपर्यंत बसले. निर्णय शंभर टक्के बरोबर होता. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं, आणि ह्याच गोष्टीचा मला भयंकर राग आला. चुकला असता तर भांडता तरी आलं असतं.

दुपारी तीनला हा घरी आला. चेहरा काळवंडलेला, ओठ फुटलेले. सासूबाईंनी रात्रीच्या भाताला फोडणी दिली होती, ती मोठी थाळी त्याने पुसून खाल्ली. मग हातबीत धुऊन माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "अगं, रात्री आकाश काय होतं सांगू. मृग डोक्यावरून पार रायगडाच्या मागे गेलेला बघितला. चौघांपैकी कोणी बोलत नव्हतं." मी उठून आत गेले. त्याला वाटलं मी रागावले. रागावले होतेच. पण त्या रागाच्या तळाशी काय होतं हे मी त्याला पुष्कळ उशिरा सांगितलं. मला ती रात्र हवी होती. काळजीची नको होती, कपारीवरची हवी होती.

त्या आठवड्यात फ्रीजवर एक कागद लागला, तो अजून आहे, अक्षरं पुसट झाली की नवा लिहितो. कुठल्या गावातून चढणार, कुठल्या वाटेने उतरणार, बरोबर कोण, गावात ज्यांच्याकडे जेवणार त्यांचा नंबर, गाडीचा नंबर. खाली तीन वेळा. आठ वाजता: काळजीला सुरुवात. अकरा वाजता: गावात फोन. पहाटे चार: माणसं निघतील. हे लिहून ठेवल्यापासून आठच्या आधी काळजी करायची नाही असा दंडक आहे. अर्थात तो कोणी पाळत नाही. पण साडेसातला अस्वस्थ झालं की दुसरं माणूस कागदाकडे बोट तरी दाखवतं.

माझी पाळी असते तेव्हा हा काय करतो हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. तो सांगायचा, "काही नाही, झोपलो." मग हळूहळू लक्षात आलं. मी तैलबैल्याहून आले, मिक्सरच्या भांड्याची रबर बदललेली. वजीर सुळका करून आले, माळा रिकामा करून, पुसून, परत भरलेला. एकदा माहुलीहून परतताना आसनगावला ओव्हरहेड वायर तुटली म्हणून चार तास उशीर झाला, तेव्हा घरी येऊन बघते तर गॅसच्या शेगडीचा प्रत्येक भाग सुटा करून वर्तमानपत्रावर मांडलेला आणि हा त्यातलं एकेक भोक सुईने साफ करतोय. नवरा किती घाबरला होता हे मी शेगडीवरून ओळखते.

स्वतःसाठी वेळ काढावा असं सगळे सांगतात. मला तो शब्दच पटत नाही. वेळ निघत नाही, कोणाचा तरी घ्यावा लागतो. दिवसभराच्या एका सुळक्याला घरातून बाहेर पडल्यापासून परत येईपर्यंत अठरा तास लागतात, आणि हे अठरा तास कोणीतरी मुलाचं जेवण, अभ्यास, पडणं, रडणं निभावतं. मी कॅलेंडरवर खुणा करते. २०१५ मध्ये ह्याचे सात दिवस होते, माझे तीन. दिवाळीत मी कॅलेंडर त्याच्यासमोर धरलं. तो बराच वेळ बघत राहिला, म्हणाला, "मी मोजलंच नव्हतं." त्याने मोजलं नव्हतं हे मला पटलं, आणि तक्रार नेमकी तीच होती. पुढच्या वर्षी पाच-पाच झाले. सासूबाईंचे किती, हे कॅलेंडरवर आम्हा दोघांपैकी कोणीच लिहिलेलं नाही. लिहायला बसलो तर खुणांना जागा पुरायची नाही.

तिघं मिळून चालायला जातो त्यात मात्र हिशेब नसतो. लेक साडेचार वर्षांचा असताना कर्जतजवळच्या आंबिवलीहून पेठला, म्हणजे कोथळीगडला, नेला. तिथे सुळक्याच्या पोटातून कातळात कोरलेला जिना वर जातो. माझी कल्पना, पोरगं हरखून जाईल. पोरगं वाटेत एका खेकड्यापाशी तासभर बसलं. जिन्याशी पोचलो तर म्हणाला, "आपल्या बिल्डिंगमध्ये पण आहे." कळसूबाईला, सात वर्षांचा होता, लोखंडी शिड्या एकदम खूश होऊन चढला आणि १६४६ मीटरवर, महाराष्ट्राच्या माथ्यावर, देवळाला टेकून झोपून गेला. दर जुलैत मुलुंडला गिर्यारोहकांचं गिरिमित्र संमेलन भरतं, तिथे तर आम्ही त्याला मांडीवर घेऊन दोघं शेजारी शेजारी बसायचो. सभागृहात दोर लागत नाही.

२०१८ मध्ये तो निळा दोर निवृत्त केला. नुसता कपाटात ठेवला तरी दहा वर्षांनंतर दोरावर विसंबायचं नसतं. एक तुकडा गॅलरीत कपडे वाळत घालायला गेला, एकावर लेकाने गाठी शिकून घेतल्या. कापायला बसलो तेव्हा हा म्हणाला, "मधोमध काप आधी. तुझं टोक तुला, माझं मला." विनोद करायला गेला होता. नंतर दोघंही जरा गप्प होतो.

आणि २०२५ च्या जानेवारीत लेक सांदण दरीत गेला. तेरा वर्षांचा. ओळखीचा ग्रुप, अनुभवी माणसं, तरी पहिल्यांदाच आमच्याशिवाय. साम्रदहून आत शिरायचं, दोन्ही अंगांना सरळ भिंती, मधे कमरेएवढं गारठलेलं पाणी, मग घमेल्याएवढ्यापासून ट्रकएवढ्यापर्यंत धोंडे, काही टप्पे दोराने उतरायचे, रात्री दरीतच मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी खाली शहापूरकडच्या देहण्याला बाहेर. आत रेंजचा प्रश्नच नाही. फ्रीजवरचा कागद त्याने स्वतःच्या हाताने भरला. "काळजीला सुरुवात" समोर त्याने रात्री नऊ लिहिलं होतं. मी खोडून सहा केलं.

शनिवारी सकाळी "आत चाललो" आलं आणि मग काही नाही.

रविवारी सकाळी पोहे खाताना सासूबाई म्हणाल्या, "अरे, तो नाही, सुट्टी आहे. जा की दोघं कुठेतरी." आम्ही एकमेकांकडे बघितलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा घरात सांभाळायला कोणी नव्हतं, दोघं मोकळे होतो, नवा दोर कपाटात होता. "मुंब्र्याला जाऊ," हा म्हणाला. लगेच पुढे म्हणाला, "तिथे रेंज आहे." मी म्हटलं, "चल." दोघांपैकी एकही उठलं नाही.

शेवटी दोर तपासू या म्हणून काढला. तपासणं म्हणजे एका टोकापासून सुरुवात करायची, वीत-वीत दोर बोटांतून सरकवायचा, कुठे मऊ लागतोय, चपटा लागतोय, वीण उसवलीये का हे डोळ्यांपेक्षा चिमटीने बघायचं. एकट्याला तासाभराचं काम. ह्याने ते टोक घेतलं, मी हे घेतलं. हॉलमध्ये फरशीवर समोरासमोर बसलो, मधे साठ मीटरचा ढीग. काही बोलत नव्हतो. ढीग कमी होत गेला तसा दोर माझ्या बाजूला ओढला जाऊ लागला, आणि मी काही म्हणायच्या आत त्याने वीतभर सैल सोडला.

मी मान खाली घालून बोटं चालवत राहिले.

दुपारी जेवणं झाली. चारला निरोप यायला हवा होता, आला नाही. सासूबाई कोचावर आडव्या होऊन चक्क घोरत होत्या. पंचवीस वर्षं, आधी लेकासाठी, मग सुनेसाठी, आता नातवासाठी. आमच्या घरात सगळ्यात जास्त सराव त्यांचा. सव्वापाचला हा उठून शेगडीकडे बघू लागला, मी म्हटलं, "खबरदार." तो परत येऊन दोर गुंडाळायला बसला, गुंडाळलेला पसंत पडेना म्हणून परत सोडला.

सहा वाजायला आले तशी मी स्वयंपाकघरात गेले. तांदळाचा डबा काढला. एक वाटी. दुसरी. झाकण लावायला गेले, थांबले, आणखी एक घेतली, वर अर्धी, कारण हल्ली तो दोघांचं खातो. पाणी घालून तांदूळ चोळायला लागले आणि ओट्यावरचा फोन थरथरला. हात ओले.

"अरे, बघ," मी हाक मारली.

हा हॉलमधून जो सुटला तो सरळ दोरावरून.

"उतरलो," त्याने वाचलं. "पुढे म्हणतो, भूक लागलीय."

कोचावरून सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "पाय लागलाय तुझा दोराला. आधी नमस्कार कर."